बाटली सोमवारीच उघडेल

नीलू, बाटली मी उघडू दिली नाही.

तुझ्या तेराव्याची जेवणं उरकली, माणसं आपापल्या गाड्यांतून गेली, डिशवॉशर दुसऱ्यांदा भरून झाला, आणि तुझी ईशा जिन्याखालच्या कपाटातून ती घेऊन आली. तुझ्या जुन्या जांभळ्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, वर दोऱ्याची गाठ. "काकू, लेट्स ओपन इट टुडे. फॉर मॉम," म्हणाली. प्रकाशभावजींनी पेले काढून ठेवले होते. आमचे हेसुद्धा, जन्मभर बिअरशिवाय कशाला हात न लावलेले, खुर्ची ओढून बसले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी म्हटलं, "नाही. थँक्सगिव्हिंगच्या सोमवारी. दहा वर्षांपूर्वी ठरलंय."

"इट्स जस्ट वाइन, काकू," ईशा म्हणाली आणि रडायला लागली. तिची रजा संपली होती, दुसऱ्या दिवशी तिचं हॅलिफॅक्सचं विमान होतं. मी त्या क्षणी पोरीला जवळ घ्यायला हवं होतं. मी बाटली जवळ घेतली. हे काही मला शोभलं नाही, पण झालं ते असं झालं. भावजींनी पेले परत ठेवले.

आज शनिवार आहे. तुला जाऊन सात आठवडे झाले. परवा सोमवार. बाटली माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर उभी आहे आणि मला तुला काही सांगायचंय, ते बाटली उघडायच्या आधीच सांगितलेलं बरं.

पण आधी भांडण पहिल्यापासून मांडते, कारण तू भावजींना आणि ईशाला ते नेहमी तुझ्या सोयीने सांगितलंस.

नायगराकडच्या त्या तांबड्या वाइनची पहिली बाटली मी आणली होती, तू नाही. ग्वेल्फमधल्या सरकारी दारूच्या दुकानात खालच्या फळीवर असायची ती, तीन प्रकारच्या द्राक्षांची, बुचाऐवजी पत्र्याचं फिरकीचं झाकण, सगळ्यांत स्वस्त नाही पण खालून तिसरी-चौथी. तू एक घोट घेतलास, डोळे मिटलेस, जिभेवर इकडून तिकडे फिरवलास, आणि सरळ माझ्या स्टीलच्या तांब्यात थुंकलीस. मी ओरडलेच. तू म्हणालीस, "ताई, आमच्या लॅबमध्ये असंच करतात." दिवसभर दही आणि चीज चाखून थुंकायचा तुझा पगार, आणि बाजूच्याच इमारतीत बियाणं उगवतंय का ते बघत बसायचा माझा. कॅनडात येऊन दोन जावा एका गावात, एका विद्यापीठात, आणि आपल्या नवऱ्यांना वाटायचं की आपण दुपारच्या सुट्टीत सासरची उणीदुणी काढतो. काढायचोही.

"ही ठेवली पाहिजे," तू तांब्या खाली ठेवत म्हणालीस. "हिच्यात अजून बरंच आहे. दहा वर्षं ठेवा, मग बघा."

मी म्हटलं, तीन. तीन वर्षांनी हिचा व्हिनेगर होईल आणि मी त्यात मिरच्या घालीन.

मग आपण सहा बाटल्या घ्यायला गेलो आणि दुकानातल्या त्या गुबगुबीत गृहस्थाला तू विचारलंस की ही साठवायची तर कशी ठेवावी. तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "ओह नो, डोंट कीप दिस वन, लेडीज. दिस इज फॉर टुनाइट. पिझ्झा, यू नो?" पार्किंग लॉटमध्ये गाडीची डिकी उघडलीस आणि मग म्हणालीस, "ताई, स्वस्त आहे म्हणून तिला म्हातारं व्हायचा हक्क नाही का?"

त्या वाक्यानं मी अडकले. तुझं म्हणणं मला पटलेलं नव्हतं, तरी माझ्या बेसमेंटमधली कोल्ड रूम मी तुला देऊन टाकली. पुढच्या पायऱ्यांखालची ती अरुंद खोली, जिथे माझा गूळ, तांदळाच्या गोण्या आणि लोणच्याच्या बरण्या असायच्या. तू थर्मामीटर लावलास. हिवाळ्यात फार गार होतं म्हणून दाराला जुनी रजई लावलीस. पुढच्या वर्षी पुन्हा सहा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा सहा. पहिल्या सहांतली एक तू तुझ्या घरी नेलीस, साडीत गुंडाळलीस आणि बजावलंस, "ही साक्षीदार. दहाव्या थँक्सगिव्हिंगला, दुपारी तीन वाजता. त्याआधी घरात कुणाचं लग्न निघालं तरी नाही."

थँक्सगिव्हिंगचा सोमवार यासाठी की ऑक्टोबरातल्या त्या सुट्टीच्या दिवशी दोघी मोकळ्या असायचो, आणि दोघे भाऊ गॅरेजमध्ये विंटर टायर लावण्यात गुंतलेले असायचे. दरवर्षी एक-दोन बाटल्या. तू चाखायचीस, मी लिहायची. निळी, पानांवर आकडे छापलेली लॅबची वही. खोडायचं नाही, हा तुझा नियम. चूक झाली तर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. "खोटी नोंद करण्यापेक्षा नोंद न केलेली बरी," हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की मी एकदा चिडून वही तुझ्या अंगावर फेकली होती.

खरं भांडण मात्र शब्दांवरून व्हायचं. तू सांगायचीस: ब्लॅककरंट, सीडार, व्हायोलेट. मी पेन खाली ठेवायची. "नीलू, तू सांगलीची. आयुष्यात पहिल्यांदा ब्लॅककरंट कधी खाल्लंस?" तू म्हणायचीस, वाइनचे शब्द ठरलेले असतात. मी म्हणायची, मला तर आमसुलाची सालं लागतात, आणि मागाहून भाजलेल्या सुपारीसारखं काहीतरी. तू नाक मुरडायचीस. "हे काय लिहायचंय का, ताई? उद्या कुणी वाचलं तर?" कोण वाचणार होतं गं ती वही? तरीही मी तुझे शब्द लिहिले, माझे कधीच लिहिले नाहीत. ते तेवढं मला आजही खुपतं.

आणि मग सासूबाई आल्या.

चौथ्या वर्षीचा उन्हाळा. त्र्याऐंशी वर्षांची बाई, गळ्यात तुळशीची माळ, सहा महिन्यांचा मुक्काम, आणि तोही माझ्याकडे. विमानतळावर निघायच्या आदल्या दुपारी तुला आठवलं की कोल्ड रूममध्ये बाटल्या आहेत. आपण दोघी नातवंडं व्हायच्या वयाला आलेल्या बायका, पण शाळा बुडवलेल्या मुलींसारख्या घाबरलो. तू न्हाणीच्या टबात गरम पाणी सोडलंस. सगळ्या बाटल्या त्यात घातल्या, नखांनी लेबलं खरवडली, पुसल्या, आणि वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या डकवून मी प्रत्येकीवर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, "कोकम आगळ". इतकं झक्क काम झालं होतं. तांदळाच्या गोणीमागे ओळीनं उभ्या करून आपण मागे होऊन बघितलं आणि हसत सुटलो. मग तुझं हसू एकदम थांबलं.

"ताई, कुठली कुठल्या सालची?"

तीन सालांच्या बाटल्या, सगळ्या एकसारख्या. झाकणांवर काही नाही. लॅबमध्ये तीस वर्षं नमुन्यांना आकडे घालणारी तू, आणि बियाण्याच्या पाकिटांवर चिठ्ठ्या लावण्यात हयात गेलेली मी. सासूच्या धाकानं दोघींनी आपल्याच हातांनी आपलाच प्रयोग टबात बुडवला. तू टबाच्या काठावर बसलीस आणि मला वाटलं आता रडणार. पण तू म्हणालीस, "माझ्या घरची साक्षीदार आहे. तिचं लेबल शाबूत आहे. खरं काय ते ती सांगेल."

महिन्याभरानं मी कामावरून आले तर सासूबाईंनी सोलकढी केलेली. नारळाचं दूध, लसूण, हिरवी मिरची, आणि गोणीमागचं आगळ. तू त्या दिवशी माझ्याकडे जेवायला होतीस. वाटी तोंडाला लावलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी ताटाकडे बघितलं. सासूबाई दोन वाट्या प्यायल्या. तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आगळ जुनं आहे गो तुमचं. पण चांगलं मुरलंय. असं ठेवायला जमत नाही कुणाला."

त्यांना कळलं होतं की नाही, यावर तू आणि मी पुढे कितीतरी वर्षं वाद घातला. माझं मत, कळलं होतं. लोणची घालण्यात जन्म गेलेल्या बाईला ते कळणारच. तुझं मत, कळलं असतं तर दुसरी वाटी घेतली नसती. मी म्हणते, म्हणूनच घेतली. त्या गेल्या, आता तूही गेलीस, त्या वादाचा निकाल लावायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि मी एकटीनं लावला तर त्यात मजा काय?

आता ते सांगायचं ते.

गेल्या वर्षीचा सोमवार. केमोचा चौथा की पाचवा फेरा झाला होता. डोक्याला ती राखाडी लोकरीची टोपी, हाताला मोजे. मी म्हटलं, या वर्षी राहू दे. तू म्हणालीस, "प्रयोगात सुट्टी नसते, ताई." बिनलेबलाची ती शेवटची बाटली होती. तू घोट घेतलास, फिरवलास, नेहमीसारखी थुंकलीस. मी पेन घेऊन तयार. तू पेला माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालीस, "मला काहीच लागत नाही. पाणी पितेय की काय तेही कळत नाही. आज तुम्ही सांगा."

नऊ वर्षांत पहिल्यांदा तू मला विचारलंस. आणि वाइन नासलेली होती, नीलू. झाकणाच्या कडेला पोचा आलेला मी उघडतानाच बघितला होता. जिभेला लागताच चिंचेचं पाणी, मागे रंगाच्या डब्यासारखा वास. मी जिंकले होते. व्हिनेगर, अगदी मी म्हटलं होतं तसा. तुझे डोळे माझ्या तोंडावर होते, पापण्यांचे केस गेलेले डोळे. मी गिळलं आणि म्हटलं, "छान मुरलीय."

तू म्हणालीस, "आणखी?" मी आणखी खोटं सांगितलं. ब्लॅककरंट म्हटलं. सीडार म्हटलं. तुझेच शब्द तुला परत दिले, आणि तू थरथरत्या हातानं ते स्वतः लिहून घेतलेस. वही घेऊन घरी गेलीस. मला वाटलं, मी तुझ्यावर माया केली. दोन-चार दिवसांनी वाटायला लागलं की तू मला पहिल्यांदा तुझ्या कामात बरोबरीनं घेतलंस आणि मी तुला एखाद्या आजारी मुलासारखं समजावलं. तू जाईपर्यंत दहा महिने माझ्या हातात होते. हॉस्पिटलात तुझे पाय चोळताना दोनदा ओठांवर आलं होतं. बोलले नाही.

म्हणून बाटली त्या दिवशी उघडू दिली नाही. तेराव्याला उघडली असती तर सगळ्यांनी रडत रडत घेतली असती आणि कशीही निघाली तरी "किती छान" म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं. मला माझी खात्री नव्हती. ती ठरल्या दिवशी, दुपारी तीन वाजता, वही समोर ठेवून उघडायची आणि जे असेल ते सांगायचं. व्हिनेगर असेल तर व्हिनेगर. तुझी हार झाली तर ती मला तुझ्या पाठीमागे लिहावी लागेल, त्याचं मला भयंकर वाईट वाटतं. पण लिहीन.

ईशाला काल फोन केला. हे सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. ती म्हणाली, "आय विल सी इफ आय कॅन स्वॅप माय शिफ्ट." मी म्हटलं, तू आलीस तर बरं. नाही आलीस तरी सोमवारीच.

*

मंगळवार.

ईशा आली. रविवारी संध्याकाळी टॅक्सी करून, कुणाला विमानतळावर बोलावलंसुद्धा नाही. हट्ट तुझा घेतलाय तिनं. येताना तुझ्या घरी जाऊन तुझ्या पलंगाच्या खणातून निळी वही घेऊन आली.

काल तीन वाजता आम्ही दोघी बसलो. दोघे भाऊ गॅरेजमध्ये होते. टायर लावत होते म्हणे, पण अर्धा तास नुसता शुकशुकाट होता, एक नट फिरवल्याचा आवाज नाही. मी वही उघडली. गेल्या वर्षीचं पान काढलं, म्हटलं, आधी ती खोटी नोंद एक रेघ मारून रद्द करू, बाजूला सही करू, मग पुढचं.

रेघ आधीच मारलेली होती. सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी, आणि बाजूला तुझी सही. खाली त्याच थरथरत्या अक्षरात:

"चव घेणारी: ताई. तोंडी सांगितलेलं: छान मुरलीय. चेहरा: चिंच चावल्यासारखा. नोंद ग्राह्य नाही. पुढच्या वर्षी ताईंना खरं सांगायला लावणे. त्यांचे शब्द लिहिणे. आमसूलसुद्धा."

मला मोठ्यानं रडू आलं. ईशानं "व्हॉट डझ इट से?" असं दोनदा विचारलं. मी वाचून दाखवलं. ती हसायला लागली आणि हसता हसता माझ्या गळ्यात पडली, आणि या वेळी मी बाटली बाजूला ठेवली. म्हणजे तुला तेव्हाच सगळं माहीत होतं. दहा महिने तू वाट बघत होतीस की मी कधी कबूल होते, आणि तूही एक शब्द काढला नाहीस. पाय चोळून घेत होतीस माझ्याकडून, लबाड.

मग साडीची गाठ सोडली. लेबल शाबूत, साल स्पष्ट. झाकण कर्रकन फिरलं. मी ओतली. घोट घेतला, फिरवला, आणि स्टीलच्या तांब्यात थुंकले. ईशा पेन घेऊन बसली होती. तिला देवनागरी पटकन लिहिता येत नाही, तेव्हा माझे शब्द तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिले. ऐक, जे सांगितलं ते हे.

रंग विटेकडे झुकलेला. वास आधी काहीच नाही. वीस मिनिटांनी ओली माती आणि कपाटात राहिलेला खजूर. नासलेली नाही. आंबट नाही. पण फळ निघून गेलंय, पातळ झालीय. शेवटी जिभेच्या कडांना आमसुलाची सालं, आणि ती बराच वेळ राहतात. मत: दोन-तीन वर्षांपूर्वी उघडायला हवी होती.

तेव्हा निकाल असा, नीलू. मी तीन म्हटलं होतं, ते साफ चूक. तू दहा म्हटलं होतंस, तेही चूक. माझ्या चवीप्रमाणे सात. तू असतीस तर सातवरून चार तास भांडली असतीस. काल घर फार गप्प होतं. राहिलेली बाटली आम्ही सगळ्यांनी रात्रीच्या जेवणाआधी संपवली, भावजींनी शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "वाईट नाही." तुझ्याबरोबर पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून एवढं पुष्कळ.

आज सकाळी ईशाला विमानतळावर सोडून मी परस्पर दारूच्या दुकानात गेले. खालच्या फळीवर अजून तीच आहे, लेबलाचा रंग तेवढा बदललाय. सहा घेतल्या. गल्ल्यावर एक तरुण मुलगी होती, म्हणाली, "ओह, दिस वन्स ग्रेट विथ पिझ्झा. डोंट वेट टू लाँग ऑन इट."

"सेव्हन इयर्स," मी म्हटलं.

तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि गोड हसली. मी अडुसष्टची आहे, हिशेब मलाही येतो. पंच्याहत्तर काही फार नाही. मी गुडघ्याची गोळी रोज घेते, पायऱ्यांवरचं बर्फ आता शोव्हल करत नाही, पोराला बोलावते. सात वर्षं जगायची तर जगू.

बाटल्या कोल्ड रूममध्ये आडव्या ठेवल्या. लेबलं आहेतच, शिवाय प्रत्येकीच्या काचेवर पांढऱ्या ऑइल पेंटनं साल लिहिलं. टबात घातली तरी जाणार नाही. दाराची रजई जुनी झाली होती, ती बदलली. तुझा थर्मामीटर अजून चालतो. मग वर येऊन वहीचं नवं पान काढलं, तुझ्यासारखीच पट्टी घेऊन वर रेघ ओढली आणि लिहिलं:

"सहा बाटल्या ठेवल्या. दुसऱ्या वर्षापासून एकेक, शेवटची सातव्या थँक्सगिव्हिंगला, सोमवारी, दुपारी तीन वाजता. चव घेणारी: ताई. खरं सांगेल."

बाजूला सही केली.